इराणी निर्वासितांची वाहिनी : आवाज कुणाचा?

इराणमध्ये १९९०च्या दशकाच्या मध्यापासून घरावर डिश अँटेना लावणे बेकायदेशीर आहे. पोलीस गच्चीवर चढून डिश उचलून नेतात. २०१६ मध्ये तर तेहरानमध्ये जाहीर कार्यक्रम करून सुमारे एक लाख डिश नष्ट केल्या गेल्या. त्याच वेळी संस्कृतिमंत्री अली जन्नती यांनीच सांगितले, की सुमारे ७० टक्के इराणी हा कायदा मोडतात! डिश वाचली तरी सरकार शहरात त्याच लहरींवर गोंगाट सोडते आणि पडद्यावरचे चित्र फुटते.

एवढे करून ज्या वाहिन्या घरात पोहोचतात, त्यांतली एक म्हणजे 'सीमा-ये आझादी'. ही सीमा आपली मराठीतली नव्हे; फारसीत सीमा म्हणजे चेहरा. स्वातंत्र्याचा चेहरा. वाहिनी मुजाहिदीन-ए-खल्क या संघटनेची आहे. मोर्चांचे मोबाइलवर टिपलेले व्हिडिओ, कैद्यांच्या बातम्या आणि नेत्या मरियम रजवी यांची भाषणे तिथे दिसतात. समर्थकांकडून फोनवर देणग्या घेणारे 'हमयारी' कार्यक्रमही थेट चालतात.

शहाविरुद्ध लढलेली ही संघटना १९८१ मध्ये खोमेनी राजवटीशी उघड संघर्षात उतरली. १९८८ मध्ये तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिली गेली, त्यांत बहुसंख्य याच संघटनेचे होते. हे दुःख खरे आहे, आणि सरकारी वाहिनी ते दाखवत नाही. पण इराण-इराक युद्धात संघटनेने सद्दामच्या भूमीवरून आपल्याच देशाच्या सैन्याशी लढाई केली, हेही खरे. राजवटीला विटलेल्या अनेक इराण्यांनी ते माफ केलेले नाही. २००५ मध्ये ह्युमन राइट्स वॉचने, संघटना सोडू पाहणाऱ्यांना कोंडून छळल्याचे माजी सदस्यांचे आरोप प्रसिद्ध केले. संघटनेने ते फेटाळले. अमेरिकेने तिला १९९७ मध्ये दहशतवादी यादीत घातले, २०१२ मध्ये काढले. आज तिचा तळ अल्बानियात आहे.

आम्ही वस्त्यांत काम करतो, तेव्हा पीडितांचा आवाज आणि पीडितांच्या नावाने बोलणाऱ्यांचा आवाज वेगळा ओळखावाच लागतो. या वाहिनीवर मोर्चातल्या मुलीचा व्हिडिओ दिसतो तो तिचा आवाज. त्याखाली 'आमच्या नेतृत्वाखाली' असे निवेदन येते, तो संघटनेचा. ती मुलगी संघटनेची सदस्य असेलच असे नाही, आणि चित्रफीत पाठवणाऱ्याला पकडले गेल्यास तुरुंगात तोच जातो.