खाद्यपेयांतील जीवनसत्त्वांची मोजणी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतकरी बंधूंस आणेवारी म्हणजे काय, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. हल्ली तिला पैसेवारी म्हणतात. ती पन्नास पैशांखाली उतरली की दुष्काळी सवलतींचा प्रश्न निघतो. एखाद्या उत्तम वावरातील पीक कापून त्यावरून साऱ्या गावाचा अंदाज बांधला तर गरिबाची हानी होते, हे महसुली दप्तरात आयुष्य गेलेल्या आम्हांस पुरते ठाऊक आहे. अन्नातील जीवनसत्त्वांच्या मोजणीसही हाच न्याय लागू पडतो.

क जीवनसत्त्वाचेच उदाहरण घेऊ. सेंट-ग्यॉर्गी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ साली हे द्रव्य वेगळे काढले व १९३७ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. ते मोजण्याची जुनी रीत सोपी आहे. फळाचा रस मेटाफॉस्फोरिक अम्लात घेऊन त्यात एक निळा रंग थेंबाथेंबाने सोडतात. जीवनसत्त्व शिल्लक असेतोवर रंग नाहीसा होतो. ते संपताच फिकट गुलाबी छटा टिकून राहते. किती रंग खर्ची पडला, त्यावरून हिशेब करितात. मात्र रसातील इतर काही द्रव्येही हा रंग घालवितात व आकडा फुगतो. ह्यास्तव आता यंत्राने घटक निरनिराळे करून मोजण्याची पद्धत रूढ झाली आहे.

कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिच्या जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दाखविले होते. २०१७ सालच्या, ५२८ खाद्यपदार्थांच्या नव्या कोष्टकात ते २५२ आहे. एवढ्यावरून आवळा निकृष्ट झाला असे समजू नये. जात, पक्वता, साठवण व मोजण्याची रीत बदलली की आकडाही बदलतो.

अँटिऑक्सिडंटांविषयी तर अधिकच सावध असावे. डीपीपीएच नावाच्या द्रव्याचा जांभळा रंग किती उतरतो, ह्यावरून त्यांची शक्ती अजमावितात. परंतु काचनळीतील ही शक्ती शरीरात तशीच चालते असे नाही. अमेरिकेच्या शेतकी खात्याने ह्याच कारणास्तव अशा आकड्यांचे आपले कोष्टक २०१२ साली मागे घेतले.

तेव्हा कोणी बचत गट आवळ्याचे सरबत विकू लागल्यास ताज्या फळाचा आकडा पुस्तकातून उतरून बाटलीवर लावू नये. उकळताना व साठविताना क जीवनसत्त्व घटत जाते; म्हणून तयार मालाचीच, निरनिराळ्या घाण्यांतून नमुने घेऊन, तपासणी करवावी. आकडा खोटा ठरल्यास गिऱ्हाइकाचा विश्वास जातो, आणि तो पुन्हा मिळत नाही.

घरी मात्र प्रयोगशाळेची वाट पाहावयाचे कारण नाही. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी. ते पाणी फेकू नये. बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत. तांब्याने क जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते. शेवग्याच्या पाल्यास थोडे तेल लावावे, म्हणजे त्यातील कॅरोटीन अंगी लागते. वावरात जे पिकते ते मुलांच्या ताटात पोचेपर्यंत वाया जाऊ न देणे, एवढे तरी आपल्या हाती खास आहे.