परदेशातील कंत्राटी नोकरी : माजी सैनिकांनो, आधी परवाना पाहा, मग पैसे द्या

मीरा-भाईंदर, प्रतिनिधी

सैन्यातील जवान निवृत्त होतो, तेव्हा त्याचे वय साधारण पस्तीस ते चाळीस असते. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते सुरू असतात आणि केवळ निवृत्तिवेतनावर महिना निभावणे कठीण असते. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या तरुणाला तर निवृत्तिवेतनही नाही; हाती येतात ते सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये. मीरा रोड आणि भाईंदरमध्ये आखातात किंवा जहाजावर नोकरी करणारे कोणी ना कोणी ओळखीत असतेच. त्यामुळे 'दोन वर्षांचे कंत्राट करून यावे का?' हा प्रश्न निवृत्त जवानाच्या घरी लवकरच निघतो.

विचार चुकीचा नाही. मात्र या वाटेवर माजी सैनिकाला एक धोका आहे, जो त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. तो शिकलेला असतो, म्हणूनच सरकारी तपासणीच्या चाळणीतून तो बाहेर राहतो.

पासपोर्टचे कोडे

१९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असे छापलेले असते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, इराक यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला स्थलांतरित संरक्षक कार्यालयाची, म्हणजेच 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची मंजुरी घ्यावी लागते. तेथे मालक कोण, करारात पगार किती, एजंट नोंदणीकृत आहे का, हे पाहिले जाते. प्रवासी भारतीय विमा योजनाही त्याला सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण मिळते.

बहुतेक जवान दहावी उत्तीर्ण असतात. त्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' नसते आणि त्यांना या मंजुरीची गरज पडत नाही. विमानतळापर्यंत त्यांना कोणी अडवत नाही, पण त्यांचा करारही कोणी वाचत नाही. जे काम कार्यालयाने केले असते, ते त्यांना स्वतःच करावे लागते.

काम कोणते मिळते?

सर्वाधिक मागणी सुरक्षारक्षकांना असली, तरी त्या कामात पगार तुलनेने कमी आणि पाळी बारा तासांची असू शकते. शिवाय लष्करी अनुभव हा तेथे परवाना ठरत नाही. दुबईत 'सिरा' या नियामक संस्थेचे प्रशिक्षण आणि परवाना यांशिवाय रक्षक म्हणून उभे राहता येत नाही.

ज्यांच्या हाती तांत्रिक कसब आहे, त्यांची बाजू अधिक भक्कम असते. अवजड वाहनांचा चालक, वाहन दुरुस्ती करणारा, विद्युत तंत्रज्ञ, अग्निशमन कर्मचारी, भांडारपाल, परिचारक ही कामे तेल कंपन्यांत, बांधकाम छावण्यांत आणि रुग्णालयांत लागतात. मात्र 'ईएमई' किंवा 'सिग्नल्स' या शब्दांतून परदेशी मालकाला काही बोध होत नाही. म्हणून निवृत्तीपूर्वीच पुनर्वसन महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमांतून नागरी प्रमाणपत्र मिळवावे आणि आपल्या ट्रेडचे नागरी समकक्ष नाव अर्जात लिहावे. अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर खासगी नोकरी धरण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानगीचा नियमही तपासून घ्यावा.

एजंट खरा की खोटा?

परदेशात कामगार पाठविणाऱ्या एजंटाने परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. नोंदणीविना भरती करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी असते. एजंटाच्या पाटीवरचा क्रमांक तेथे जुळवून पाहावा. कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक वस्तू व सेवा कर एवढी आहे आणि त्याची पावती मिळालीच पाहिजे. लाख-दोन लाख रोख मागणारा एजंट तेथेच उघडा पडतो.

'आता व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देऊ' असे कोणी म्हणाले, तर उठून यावे. पर्यटक म्हणून गेलेल्याने काम केले, तर तेथील कायद्यापुढे तोच दोषी ठरतो.

जहाजावरची नोकरी

नौदलातून निवृत्त झालेल्यांना व्यापारी जहाजांची वाट जवळची वाटते. येथे नौवहन महासंचालनालयाचे नियम लागू होतात. एजन्सीकडे 'आरपीएसएल' परवाना हवा आणि भरतीसाठी तिने खलाशाकडून शुल्क घेता कामा नये. नौदलातील सेवेचा विचार करून व्यापारी नौकानयनाची प्रमाणपत्रे देण्याची योजना महासंचालनालयाने २०२० साली आणली आहे.

सोमाली चाच्यांच्या काळात जहाजांवरील सशस्त्र रक्षकांची मागणी वाढली. त्यातील जोखीम 'सीमन गार्ड ओहायो' प्रकरणाने दाखवून दिली. ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरिनजवळ अडविलेल्या या जहाजावर ३५ जण होते. त्यांत ब्रिटनचे माजी सैनिक होते, तसे भारतीयही होते. शस्त्रांची कागदपत्रे ग्राह्य धरली गेली नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये सर्वांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. नोकरी करणाऱ्यांची चार वर्षे मात्र गेली. शस्त्र हाती घेण्याचे काम असेल, तर ते कोणाच्या परवान्यावर, हे लेखी मागावे.

रणभूमीवरचे कंत्राट

२००४ साली इराकमध्ये भारतीय ट्रकचालकांचे अपहरण झाल्यावर सरकारने तेथे नोकरीसाठी जाण्यास बंदी घातली होती. पुढे २०१४ मध्ये मोसुलमधून ४० भारतीय कामगारांचे अपहरण झाले. त्यांपैकी ३९ जण मारले गेल्याचे मार्च २०१८ मध्ये संसदेत सांगण्यात आले. त्यानंतर रशियात 'मदतनीसाची नोकरी' म्हणून नेलेले तरुण युक्रेन युद्धाच्या आघाडीवर पोहोचले. केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२४ मध्ये याबाबत गुन्हा दाखल केला. रशियन सैन्यात गेलेल्या १२६ भारतीयांपैकी १२ जणांचा मृत्यू झाल्याची माहिती परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिली.

अशा ठिकाणी माजी सैनिकाला अधिक पगाराचे आमिष दाखविले जाते, कारण त्याला शस्त्र शिकवावे लागत नाही. भारतीय खासगी सुरक्षा एजन्सीला परदेशात सेवा देण्यासाठी २००५ च्या कायद्याने स्वतंत्र परवानगी लागते. केंद्र सरकारशी विचारविनिमय केल्याशिवाय ती मिळत नाही. ती परवानगी पाहण्याचा आग्रह धरावा.

निघण्यापूर्वी

करारात मालकाचे नाव, पद, मूळ पगार, कामाचे तास, निवास, वैद्यकीय खर्च आणि परतीचे तिकीट यांचा स्पष्ट उल्लेख हवा. कराराची, व्हिसाची आणि पासपोर्टची एकेक प्रत घरी ठेवावी. निवृत्तिवेतन खंडित होऊ नये म्हणून हयातीच्या वार्षिक दाखल्याची व्यवस्था आधीच करावी. अडचण आल्यास 'मदद' संकेतस्थळावर तक्रार करता येते, तसेच भारतीय दूतावासाशी संपर्क साधता येतो.

मीरा-भाईंदरच्या माजी सैनिकांसाठी ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. स्थलांतरित संरक्षकांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात असून, भाईंदरहून लोकलने वांद्र्याला तासाभरात पोहोचता येते. पासपोर्टवर 'ईसीआर' नसले, तरी एजंटाच्या नोंदणीची चौकशी करण्यास कोणाचीही हरकत नाही. सेवानिधी किंवा ग्रॅच्युइटीचा पैसा एजंटाच्या हाती देण्याआधी ही एक फेरी जरूर करावी.