योगाचा शिक्षक निवडताना

योगासने पुस्तकातील चित्रे पाहून शिकता येतात, असा पुष्कळांचा समज असतो. चित्रातील शीर्षासन क्षणात उमगल्यासारखे वाटते; परंतु शरीराचा भार कोठे पडतो, हे चित्र सांगत नाही. तो भार सावरावयास कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातांचा आधार लागतो. नवशिक्याचे हात ढिले पडतात, सारा भार मानेवर येतो आणि मान दुखावते. शेजारी उभे राहून हे पाहणारा कोणी जाणता असावा लागतो.

‘हठयोगप्रदीपिका’ या जुन्या संस्कृत ग्रंथातही चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला असे विकार जडतात, असे बजावले आहे. अतिश्रम हे योगातील एक विघ्नच होय, असेही तो ग्रंथ सांगतो.

म्हणून चांगला शिक्षक लगेच आसन दाखवीत नाही. पूर्वी हाड मोडले होते काय, दमा आहे काय, जेवून किती वेळ झाला, हे तो आधी विचारतो.

बी. के. एस. अय्यंगार लहानपणी फार अशक्त होते. १९३४ साली म्हैसुरास आपले मेहुणे कृष्णम्माचार्य यांच्याकडे ते योग शिकू लागले आणि १९३७ साली शिकविण्यासाठी पुण्यास आले. ज्याचा हात भूमीस टेकत नसे, त्याच्या तळहाताखाली ते लाकडी वीट देत. ज्याचे हात पावलांपर्यंत पोहोचत नसत, त्याच्या पावलांना पट्टा लावून तो हाती धरावयास देत. असे साधे उपाय, पण त्यांमुळे ताठरलेल्या शरीरालाही आसन साधू लागले. अय्यंगार शिकविताना कडक असत; तेव्हा कडकपणा हा दोष मानू नये. मात्र जेथे ‘दुखते’ म्हणण्याची सोय नाही, तो वर्ग टाळावा.

सर्व रोग बरे करण्याची हमी देणाऱ्यापासूनही दूर राहावे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद स्वतः योगी होते. तरीही आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व इतर यंत्रांच्या साहाय्याने तपासून पाहिले.

शिक्षक कोणाजवळ व किती वर्षे शिकला, हे विचारण्यात संकोच कसला? नाव घालण्यापूर्वी घरातील वडील माणसास बरोबर घेऊन एक दिवस वर्ग नुसता पाहावा. शिक्षकाचे लक्ष पुढच्या रांगेतील लवचीक मुलांवरच आहे, की मागे अडखळणाऱ्यापाशीही तो जातो, हे तेथे दिसते. शेवटी शवासनाला पुरेसा वेळ मिळतो, की घंटा होताच सतरंज्या गुंडाळल्या जातात, हेही त्याच दिवशी कळते.