नवख्या मॅनेजरने पहिल्या मोसमात काय करावं

वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात फुटबॉलवर लेख, तोही कॉम्प्युटरवरच्या फुटबॉलवर, हे बघून काहींच्या भुवया वर जातील. पण मी ज्या खेळाबद्दल लिहितोय तो बघायचा नसतो, वाचायचा असतो. त्यामुळे मंडळाशी त्याचं थोडं तरी नातं लागतं असं मी संपादकांना पटवलंय. खरं कारण वेगळं आहे. मी हॅटट्रिक खेळतो हे कळल्यावर यंदा प्रथम वर्षाच्या पाच-सहा जणांनी आपापले क्लब काढले, आणि महिन्याभरात त्यातल्या दोघांनी तिजोरी रिकामी केली. दोघांनी केलेली चूक एकच, आणि तीच मीही केली होती. प्रत्येकाला कँटीनमध्ये वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं.

आधी खेळ म्हणजे काय ते. हॅटट्रिक १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झाला. यात बोटांनी चेंडू पळवायचा नसतो. तुम्ही मॅनेजर. संघ निवडायचा, प्रशिक्षण ठरवायचं, खेळाडू घ्यायचे-विकायचे, पगार द्यायचे. आठ संघांची एक लीग, चौदा फेऱ्या, आणि एक मोसम सोळा आठवड्यांचा. लीगची मॅच आठवड्याच्या शेवटी, आठवड्याच्या मध्ये कप किंवा मैत्रीची मॅच. ऑर्डर आधी देऊन ठेवायच्या. मॅच सुरू झाली की ती एकेका ओळीने पडद्यावर उमटत जाते. चित्र नाही, आवाज नाही. अमक्या मिनिटाला डावीकडून चाल आली, अमक्याचा फटका बारवरून गेला, असं वाचत बसायचं. खेळ फुकट आहे. पैसे भरून सभासद होता येतं, पण त्याने सोयी वाढतात, संघाची ताकद वाढत नाही. तेव्हा आईकडे कार्ड मागू नका.

मला हा खेळ दादाने लावला. तो बोटीवर असतो. नेट कधी मिळतं, कधी नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसून राहावं लागेल असा खेळ त्याला परवडणाराच नव्हता. इथे एकदा ऑर्डर दिली की संघ आपला आपण खेळतो, आणि बंदराला लागल्यावर निकाल वाचता येतो. मी अकरावीत असताना चवथीला तो घरी आला होता, तेव्हा माझा क्लब काढून दिला आणि जाताना म्हणाला, “पहिल्या मोसमात काही करू नकोस. एक प्रशिक्षण लाव आणि गप्प बस.” मी अर्थातच गप्प बसलो नाही.

यातली गंमत म्हणजे खेळाडूची गुणवत्ता शब्दांत सांगितलेली असते. गोलरक्षण, बचाव, प्लेमेकिंग, विंगर, पासिंग, स्कोअरिंग आणि सेट पीसेस अशी सात कौशल्यं. प्रत्येकाची पातळी ‘डिझास्ट्रस’पासून ‘डिव्हाइन’पर्यंत वीस पायऱ्यांची, आणि शून्याला चक्क ‘नॉन-एक्झिस्टंट’. मी आणि दादाने या पायऱ्या मराठीत आणायचा उद्योग केला. खालच्या सोप्या गेल्या: भयंकर, केविलवाणा, वाईट, कच्चा, अपुरा. सहावी ‘पासेबल’, तिला आम्ही ‘चालेल’ म्हणतो. सातवी ‘सॉलिड’, ती तशीच ठेवली, कारण आपण सॉलिडच म्हणतो. वर मात्र मराठी कमी पडली की आम्ही, कळत नाही. टायटॅनिक, मिथिकल, मॅजिकल, युटोपियन यांना चार वेगळे शब्द शोधताना दादाची सुट्टी संपली. नवख्याला एवढंच लक्षात ठेवायला हवं, की सुरुवातीचा संघ बहुतेक ‘कच्चा’ आणि ‘अपुरा’ लोकांचा असतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुमच्या लीगमधल्या इतर नव्या संघांचंही तेच असतं.

आता माझी चूक. दादा गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी तिजोरीतली जवळजवळ सगळी रक्कम घालून एक स्ट्रायकर घेतला. वय ३१, परदेशी, स्कोअरिंग ‘फॉर्मिडेबल’. माझ्या संघात तो म्हणजे गावच्या जत्रेतल्या नाटकात मुंबईचा नट. पहिल्या दोन मॅचमध्ये मिळून त्याने एक गोल मारला आणि नंतर बराच काळ काहीच नाही. मला वाटलं गेममध्ये काहीतरी गडबड आहे.

गडबड माझ्या समजुतीत होती. हॅटट्रिकमध्ये गोलच्या संधी कुणाला किती मिळणार हे मुख्यतः मिडफिल्ड ठरवतं. ज्याचं मिडफिल्ड भारी, चेंडू त्याच्याकडे जास्त, संधीही त्यालाच जास्त. मग ती संधी डावीकडून, मधून किंवा उजवीकडून येते, आणि तिथली तुमची चढाई समोरच्याच्या बचावाशी ताडून गोल होणार की नाही ते ठरतं. म्हणजे स्ट्रायकर कितीही थोर असला तरी संधीच आली नाही तर तो नुसता उभा. आपल्याकडे गोव्यात हे पटायला जड जातं. कापणी झालेल्या शेतात आपण खेळलो तेव्हा गोल मारणारा तो हिरो, आणि ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला मध्ये ठेवायचं. त्यामुळे आपला माणूस मॅनेजर झाला की आधी स्ट्रायकर घेतो. आमच्या त्या दोघांनीही तेच केलं.

बरं, किंमत मोजून प्रश्न संपत नाही. पगार दर आठवड्याला जातो. परदेशी खेळाडूला वीस टक्के जास्त पगार. शिवाय खेळाडूचा पगार त्याच्या वाढदिवशी नव्याने ठरतो, आणि इथलं वर्ष म्हणजे एक मोसम, ११२ दिवस. तिशीच्या पुढे कौशल्य उतरणीला लागतं, त्यामुळे विकायला काढला तर घेतलेल्या किमतीच्या जवळपासही कोणी येत नाही. उत्पन्नाचं गणित याच्या उलट. लीगमध्ये तिकिटांचे पैसे फक्त घरच्या मॅचचे, म्हणजे मोसमात सातच वेळा. बाहेरची मॅच असलेल्या आठवड्यात प्रायोजक देतील तेवढंच, पगार मात्र पूर्ण. मी हे सगळं सहाव्या आठवड्यात शिकलो, खात्यातला आकडा लाल झाल्यावर. कर्ज फार वाढलं तर क्लब दिवाळखोरीत जातो, म्हणजे गेलाच.

ते टाळायला मी जे केलं ते अजून जास्त वाईट होतं. युवा संघातून नुकताच वर घेतलेला सतरा वर्षांचा एक पोरगा होता, प्लेमेकिंग ‘चालेल’. मिळेल त्या भावाला तो विकला. त्या आठवड्याचे पगार निघाले. दादाला कळलं तेव्हा त्याने रागावून काही लिहिलं नाही, फक्त विचारलं, “स्ट्रायकर अजून आहे ना?” होता. खेळत होता. गोल नव्हता.

तर आता तुम्ही काय करायचं. पहिलं काम म्हणजे एक प्रशिक्षण निवडायचं आणि ते बदलायचं नाही. पूर्ण संघाला आठवड्यात एकच कौशल्य शिकवता येतं, आणि ते मुख्यतः त्या जागेवर खेळलेल्यांनाच मिळतं. प्लेमेकिंग लावलं तर आत खेळणाऱ्या मिडफिल्डरना पूर्ण, विंगरना निम्मं, बाकीच्यांना नगण्य. पूर्ण प्रशिक्षणाला आठवड्यात नव्वद मिनिटं पुरतात; दोन मॅच खेळला म्हणून दुप्पट मिळत नाही. इथेच सगळी मेख आहे. मध्ये तीन जण खेळवता येतात. लीगच्या मॅचला तीन पोरं, मधल्या मैत्रीच्या मॅचला दुसरी तीन. म्हणजे एका आठवड्यात सहा जण शिकले. जो मैत्रीची मॅच ठरवायला विसरला त्याचे तीनच शिकले. नवख्यांचं सर्वांत मोठं नुकसान या विसरण्यात होतं आणि ते कुठे लिहून येत नाही, म्हणून कळतही नाही. कपमधून बाहेर पडलात की त्याच दिवशी पुढच्या आठवड्याचा मित्र शोधून ठेवा.

ही सहा पोरं सतरा-अठरा वर्षांचीच हवीत. वय वाढेल तसं शिकणं मंदावतं आणि प्रत्येक वरची पायरी आधीच्यापेक्षा जास्त आठवडे घेते. पंचविशीच्या माणसाला शिकवणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक विकत घेणं. बाजारात ‘अपुरा’ किंवा ‘चालेल’ प्लेमेकिंगचे कोवळे खेळाडू शोधा. लिलाव तीन दिवस चालतो, आणि शेवटच्या तीन मिनिटांत कोणी बोली लावली तर मुदत तीन मिनिटं पुढे सरकते. इथे ईर्ष्या चढते. बोली लावायच्या आधी तसाच खेळाडू हल्ली कितीला गेला ते बघा, आपला आकडा वहीत लिहा आणि त्याच्या वर गेला की कॉम्प्युटर बंद करून चहा प्या. असाच दुसरा उद्या असतो. घेतलेला लगेच विकायचीही घाई नको. लवकर विकलं तर एजंटचा वाटा जास्त कापला जातो.

प्लेमेकिंगच का, असं विचाराल. मिडफिल्डबद्दल वर लिहिलं तेच कारण, शिवाय असे खेळाडू विकलेही जातात. पण हाच एक रस्ता नाही. बचाव लावला तर एका मॅचला पाच, दोन मॅच मिळून दहा जण शिकतात. पैसे अगदीच कमी असतील तर मला तो रस्ता बरा वाटतो. गोलरक्षण सर्वांत झटपट शिकवता येतं, पण एका वेळी एकच, आठवड्याला दोघेच. निवडा काहीही. फक्त स्ट्रायकर कमी पडतोय म्हणून तिसऱ्या आठवड्यात स्कोअरिंग, गोल खाल्ले म्हणून पाचव्यात बचाव, असं करू नका. एकेका कौशल्यात अर्धी अर्धी पायरी चढलेला संघ काहीच चढलेला नसतो. प्रशिक्षणाची तीव्रता पूर्ण ठेवा. त्यातला थोडा भाग दमसासासाठी असतो, तो अगदी कमी ठेवलात तर शेवटच्या वीस मिनिटांत पोरं धापा टाकतात.

मध्ये तिघे खेळवायचे तर रचना ३-५-२ येते. सवय नसलेल्या रचनेत संघ मैदानावर गोंधळतो, खेळ विस्कटतो. म्हणून ती आधी मैत्रीच्या मॅचमध्ये घोटून घ्या. मैत्रीची मॅच हरलात तरी कोणी विचारत नाही.

स्टेडियम सुरुवातीला बारा हजारांचं मिळतं. ते पुरतं. गॅलरीला छप्पर घालायची हौस दोन मोसम तरी दाबून ठेवा. हवामानाचा परिणाम असतो, तो प्रेक्षकांवरही आणि खेळाडूंवरही. पावसात ताकदवान खेळाडू वरचढ ठरतो आणि तंत्रवाला घसरतो, हे शिकायला आपल्याला गेमची गरज नाही. प्रशिक्षक बरा असावा, सोबत सहायक असावेत. बाकीचा स्टाफ नंतर.

एक गोष्ट मात्र पहिल्या आठवड्यापासून जपायची. प्रत्येक मॅचला वृत्ती निवडता येते: नेहमीची, आरामाची, किंवा मोसमातली सर्वांत मोठी मॅच म्हणून जीव तोडून. जीव तोडून खेळलात तर त्या दिवशी मिडफिल्ड वाढतं, पण संघाचा उत्साह खाली येतो आणि पुढचे काही आठवडे मिडफिल्ड मार खातं. आरामात खेळलात तर उलट. खालच्या लीगमध्ये मालक सोडून गेलेले संघ असतात, ते कॉम्प्युटर चालवतो. त्यांच्याशी आरामात खेळा आणि उत्साह साठवा. मी पहिल्या मोसमात तीन वेळा ‘सर्वांत मोठी मॅच’ खेळलो, त्यातली एक असल्याच बेवारस संघाविरुद्ध. ती जिंकलो, पुढच्या चार हरलो.

वेळेचं विचाराल तर आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं. एकदा मैत्रीच्या मॅचसाठी, एकदा लीगसाठी. ऑर्डर पुढच्या मॅचच्याही देऊन ठेवता येतात, त्यामुळे सेमिस्टरच्या परीक्षेतही संघ चालतो. दादा तर जहाज सुटायच्या आधी देऊन जातो. रोज उघडून बघितलंत तर काहीतरी करावंसं वाटतं, आणि पहिल्या मोसमात ‘काहीतरी’ म्हणजे बहुधा खरेदी.

माझा क्लब वाचला. स्ट्रायकर शेवटी कवडीमोलाने गेला, आम्ही एक पायरी खाली उतरलो, तिथे मी सहा पोरं घेतली आणि चार मोसम प्लेमेकिंगशिवाय काही लावलं नाही. आता दादाच्या संघाशी मैत्रीची मॅच खेळतो तेव्हा मिडफिल्ड माझं असतं. तो मान्य करत नाही.

विकलेला तो पोरगा अजून खेळतोय. नवीन मालकाने त्याला नीट शिकवलं. मागे त्याचं पान उघडून बघितलं तर प्लेमेकिंग ‘आउटस्टँडिंग’, आणि मातृक्लब म्हणून नाव आमचं. या खेळात असा नियम आहे की खेळाडू पुढे जेव्हा जेव्हा विकला जाईल तेव्हा किमतीतला छोटा वाटा त्याच्या मातृक्लबला मिळतो. गेल्या महिन्यात तो तिसऱ्यांदा विकला गेला. आमच्या खात्यात जमा झालेल्या रकमेत दोन पोरांचे आठवड्याचे पगार निघाले. दादाला स्क्रीनशॉट पाठवलाय, पण त्याची बोट अजून बंदराला लागलेली नाही.