घरचा संगणक, लेखांक ११ : हिशेबाची फाइल पुन्हा पुन्हा का बंद पडते?

आमचे आतोबा चिंचवडच्या एका सोसायटीचे खजिनदार आहेत. एकशेबारा सदनिका, दरमहाची वर्गणी, टँकरचं पाणी, लिफ्टचा करार, सिंकिंग फंड असा सगळा हिशेब ते सात वर्षं घरच्या संगणकावर एकाच स्प्रेडशीटमध्ये लिहीत आले आहेत. एका ऑगस्टमध्ये ही फाइल उघडली की पडदा पांढुरका व्हायला लागला आणि मिनिटाभरात सगळं आपोआप बंद. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यायची असते, त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागला होता. फोनवर म्हणाले, "अगं, दोनदा प्रोग्रॅम काढून टाकला, दोनदा नव्यानं घातला, तरी तेच!"

बहुतेक जण पहिल्यांदा हेच करतात, आणि मला ते थांबवावंसं वाटतं. प्रोग्रॅम नव्यानं घातला तरी जुन्या सेटिंग्ज बऱ्याचदा तशाच राहतात. फाइलमध्ये बिघाड असेल तर तिला तर हातही लागत नाही. दोष फाइलमध्ये आहे, प्रोग्रॅममध्ये आहे की यंत्रात, एवढं आधी ठरवायचं. त्याला दहा मिनिटं पुरतात.

सगळ्यांत आधी फाइलची प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. फाइल पेन ड्राइव्हवर असेल तर ती संगणकाच्या डिस्कवर उतरवून मगच उघडा. पेन ड्राइव्हवरून थेट काम करताना जोडणी क्षणभर जरी तुटली तरी फाइल खराब होऊ शकते. आता एक कोरी फाइल उघडून पाच मिनिटं काहीतरी टाइप करा. ती नीट चालली आणि हिशेबाची तेवढी पडली, तर संशय फाइलवर. कोरीही पडली, तर प्रोग्रॅमवर किंवा यंत्रावर. शेजारच्या संगणकावर तीच प्रत उघडून पाहिली की उरलीसुरली शंका मिटते.

प्रोग्रॅमवर संशय असेल तर सेफ मोड. एक्सेलच्या चिन्हावर क्लिक करताना कंट्रोलची कळ दाबून धरा. सेफ मोडमध्ये सुरू करायचं का, असं विचारलं जाईल, हो म्हणा. या अवस्थेत अ‍ॅड-इन, म्हणजे बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, आणि सुरुवातीला आपोआप उघडणाऱ्या फाइली बाजूला ठेवल्या जातात. इथे सगळं सुरळीत चाललं तर गुन्हेगार त्यांच्यातच आहे. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स इथे जाऊन खाली 'कॉम अ‍ॅड-इन्स' निवडा आणि निम्मे बंद करून पाहा, मग उरलेले निम्मे. एकेक करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. पीडीएफ बनवणारे किंवा कधीकाळी कर भरण्यासाठी घातलेले जोडप्रोग्रॅम इथे विसरून राहिलेले असतात.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी हेल्प मेनूत 'रीस्टार्ट इन सेफ मोड' आहे. तिथे बहुतेकदा बिघडलेलं असतं ते यूजर प्रोफाइल, म्हणजे तुमच्या आवडीनिवडी जपून ठेवणारा फोल्डर. तो मूळ स्थितीला आणायची सोय त्याच खिडकीत दिलेली आहे. प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला तरी हा फोल्डर जागचा हलत नाही, म्हणून नव्यानं घालूनही तोच त्रास होतो.

एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे प्रिंटर. कागदावर पान कुठे तुटेल, मजकूर किती रुंद येईल हे ठरवायला एक्सेल डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतं, तुम्हाला काही छापायचं नसलं तरीही. तो प्रिंटर बंद असेल, वायफायवरून सापडत नसेल किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडलेला असेल, तर एक्सेल उत्तराची वाट पाहत अडकतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा डीफॉल्ट प्रिंटर करून पाहा. एवढ्यानं चक्क फरक पडतो.

आतोबांची कोरी फाइल मात्र छान चालत होती, म्हणजे रोग फाइलमध्येच होता. तिचा आकार पाहिला : ३८ एमबी! एकशेबारा घरांचा सात वर्षांचा हिशेब इतका जड होणं शक्यच नाही.

एक्सएलएसएक्स फाइल ही खरं तर एक गाठोडं असते. प्रतीच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'एक्सएल' नावाच्या फोल्डरमध्ये 'वर्कशीट्स' दिसतील, चित्रं असतील तर 'ड्रॉइंग्ज' दिसेल, आणि कुठली वस्तू किती जागा खाते हेही कळेल. आतोबांच्या गाठोड्यात हिशेबाची शीट्स लहान होती आणि ड्रॉइंग्जचा भाग अवाढव्य. ते दरमहा बँकेच्या वेबपानावरून व्यवहारांचं कोष्टक उचलून थेट शीटमध्ये चिकटवत. त्या पानावर प्रत्येक ओळीपुढे एक बारीकसं चिन्ह होतं, आणि कोष्टकाबरोबर तेही दर वेळी येऊन बसलं. ओळी पुसल्या तरी चिन्हं राहिली, आकसून अदृश्य झाली, पुढे शीटच्या प्रतींबरोबर दुप्पट-चौपट होत गेली. एफ-५ दाबून 'स्पेशल' आणि मग 'ऑब्जेक्ट्स' निवडलं की अशी सगळी चित्रं एकदम धरली जातात आणि डिलीट करता येतात. आलेखही त्यात जातात, तेवढं जपा.

फाइल फुगायची आणखीही कारणं आहेत. कंट्रोल आणि एन्ड एकत्र दाबा. मजकूर १,३००व्या ओळीला संपत असताना कर्सर थेट १०,४८,५७६व्या, म्हणजे शीटच्या अगदी शेवटच्या ओळीवर गेला, तर कधीतरी कुणीतरी सूत्र किंवा रंग तळापर्यंत ओढलेला आहे. त्या रिकाम्या ओळी निवडा आणि उजव्या क्लिकनं काढून टाका. डिलीटची कळ फक्त मजकूर पुसते, ओळ तशीच राहते. मग फाइल सेव्ह करा. कंडिशनल फॉरमॅटिंगचंही असंच. ओळी कापून चिकटवताना नियमांचे तुकडे होत जातात आणि 'मॅनेज रूल्स' उघडलं की एकाच नियमाच्या शेकडो प्रती समोर येतात.

सूत्रांवर संशय असेल तर आधी कोरी फाइल उघडा, फॉर्म्युलाजमधल्या 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स'मध्ये 'मॅन्युअल' निवडा आणि त्यानंतर जड फाइल उघडा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण गणिताची पद्धत एक्सेल पहिल्यांदा उघडलेल्या फाइलवरून घेतं. आता फाइल शांतपणे उघडली तर त्रास सूत्रांचा. टुडे, नाऊ, ऑफसेट, इनडायरेक्ट ही सूत्रं शीटमध्ये कुठेही काही बदललं की नव्यानं मोजली जातात. ती हजारो सेलमध्ये भरलेली असतील तर एका आकड्यासाठी सगळं शीट घुसळून निघतं. आजची तारीख एकाच सेलमध्ये ठेवून बाकीच्यांना तिच्याकडे बोट दाखवायला लावलं, तर सूत्रं सुटसुटीत होतात आणि तपासायलाही सोपी जातात.

फाइल उघडतच नसेल तर ओपनच्या खिडकीत ती निवडून ओपन बटणाशेजारचा बाण दाबा. 'ओपन अँड रिपेअर' मिळेल. आणि जुनी एक्सएलएस फाइल अजून वापरात असेल तर ती नव्या प्रकारात बदलून घ्या. तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात. २०२०मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत याच मर्यादेमुळे कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायला उशीर झाला. हे वाचलं तेव्हा मी फार अस्वस्थ झाले होते.

यंत्राबद्दल थोडंसंच. एक्सेल ३२-बिटचं असेल तर संगणकात कितीही रॅम असली तरी त्याला तिचा मर्यादितच भाग वापरता येतो. अकाउंटमधल्या 'अबाउट एक्सेल'मध्ये हे दिसतं. इतर प्रोग्रॅमही पडत असतील तर विंडोजचं 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवा.

आतोबांच्या फाइलमधून आम्ही प्रत्येक शीटवरचे फक्त आकडे आणि सूत्रं 'पेस्ट स्पेशल'नं नव्या फाइलमध्ये नेली. दुपारचे दोन तास गेले. नवी फाइल एक एमबीसुद्धा भरली नाही. बँकेचं कोष्टक आता ते 'टेक्स्ट' म्हणून चिकटवतात, आणि ऑटोरिकव्हरची मुदत दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणली आहे. त्या वर्षीचा ताळेबंद सभेच्या आठ दिवस आधी सूचनाफलकावर लागला.