इशाऱ्याचा आवाज आणि आज्ञेची तार

भोपाळ शहराच्या पूर्वेकडील गोविंदपुरा हा परिसर देशाच्या औद्योगिक नकाशावर सुपरिचित आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमाचा, म्हणजेच आजच्या ‘भेल’चा, विशाल कारखाना याच भागात उभा राहिला. त्याच्या आधाराने आसपास अनेक लहानमोठे कारखाने वाढले. अशा वसाहतीत यंत्रांचा घरघराट अखंड चालू असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येणे जिथे कठीण, तिथे शेकडो कामगारांना एकाच वेळी सूचना द्यावयाची झाल्यास ध्वनिक्षेपकावाचून गत्यंतर नसते.

सूचना वेळेवर न मिळाल्यास काय घडते, हे भोपाळला सांगावे लागत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री शहराच्या उत्तर भागातील कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू बाहेर पडला, तेव्हा झोपेत असलेल्या वस्त्यांना वेळेवर आणि स्पष्ट इशारा मिळाला नाही. कोणत्या दिशेने जावे, काय करावे हे सांगणारा आवाज लोकांपर्यंत पोहोचला नाही. या दुर्घटनेनंतर देशातील कायद्यात महत्त्वाचे बदल झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला आणि त्याखालील १९८९ च्या नियमांनी घातक रसायने हाताळणाऱ्या मोठ्या कारखान्यांवर आणीबाणीची योजना तयार ठेवण्याची व आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देण्याची जबाबदारी टाकली. महाराष्ट्रातील तारापूर, महाड, लोटे-परशुराम यांसारख्या वसाहतींलगतच्या गावांनाही हा विषय तितकाच जवळचा आहे.

योजना कागदावर कितीही चांगली असली, तरी अखेरीस ती एका आवाजाच्या रूपानेच लोकांपर्यंत जाते. त्या आवाजाच्या प्रवासात आज एक लहानशी पेटी महत्त्वाचे काम करते. ती पेटी म्हणजे ध्वनी-परिवर्तक, अर्थात ऑडिओ कन्व्हर्टर. तिची जुळणी कशी करतात, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

आवाजाचे आकडे कसे होतात?

मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो. ही लहर तारेतून दूरवर नेल्यास वाटेत ती क्षीण होते आणि मोटारी, वेल्डिंगची यंत्रे व वीजवाहिन्या यांचा गोंगाट तिच्यात मिसळतो. म्हणून लहरीचे रूपांतर आकड्यांत करून ते आकडे पाठविले जातात. पलीकडच्या टोकाला दुसरा परिवर्तक त्या आकड्यांची पुन्हा लहर बनवितो आणि ती कर्ण्यापर्यंत जाते.

पावसाळ्यात नदीच्या पूरपट्टीवरील पाण्याची पातळी ठरावीक अंतराने वहीत नोंदवितात. नोंदी पुरेशा जवळजवळ घेतल्या, तर त्या वहीवरून पुराचा चढउतार पुन्हा रेखाटता येतो. परिवर्तक नेमके हेच करतो. फरक इतकाच की, तो सेकंदाला हजारो नोंदी घेतो. माणसाच्या कानाला साधारणतः सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात आणि लहर अचूक उभी करण्यासाठी तिच्या सर्वाधिक कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नोंदी लागतात. म्हणून १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नोंदी हे प्रमाण ठरले. चित्रपट, दूरचित्रवाणी व प्रक्षेपण यांत ४८,००० चे प्रमाण रूढ आहे, तर साध्या दूरध्वनीवरील संभाषणास ८,००० पुरतात. या प्रमाणास ‘नमुनादर’ म्हणतात. प्रत्येक नोंद किती बारकाईने घ्यावी, हे ‘बिट’च्या संख्येवर ठरते. १६ बिटांच्या नोंदीत ६५,५३६ पायऱ्या असतात.

दोन वाटा : आवाजाची आणि आज्ञेची

परिवर्तकाला किती नमुनादर ठेवावा, कोणत्या मार्गाने आलेला आवाज घ्यावा, तो किती मोठा ठेवावा, हे कोणीतरी सांगावे लागते. काही यंत्रांना त्यासाठी कळा असतात. परंतु भिंतीवरील कपाटात बसविलेल्या अनेक यंत्रांना कळाही नसतात आणि पडदाही नसतो. त्यांच्या पाठीमागे नऊ टाचण्यांचे एक लहान तोंड असते. ते ‘सीरियल’ जोडणीचे तोंड होय. या तोंडातून एकामागून एक अशा क्रमाने बिटे आतबाहेर जातात, म्हणून तिला सीरियल, म्हणजे अनुक्रमिक, हे नाव पडले. तिचे ‘आरएस-२३२’ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. गोविंदपुऱ्यासारख्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील कारागिरास ही जोडणी नवी नाही. संगणकचलित लेथला कामाचा आराखडा देण्यासाठी आणि वजनकाट्यावरील आकडा संगणकात घेण्यासाठी ती दीर्घकाळ वापरात आहे.

या तारेतून आवाज जात नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या दोन पदरी आवाजास सेकंदाला १४,११,२०० बिटे लागतात. सीरियल तारेचा नेहमीचा वेग सेकंदाला ९,६०० बिटांचा, म्हणजे सुमारे ९६० अक्षरांचा असतो. कालव्यातून पाणी वाहते आणि दरवाजाची किल्ली पाटकऱ्याच्या हाती असते. पाणी किल्लीतून वाहत नाही. सीरियल तार ही अशी किल्ली आहे.

गावोगाव इंटरनेट पोहोचले असताना ही जुनी तार कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, जाळ्यातील जोडणी बिघडली, पत्ता चुकला किंवा मधले यंत्र बंद पडले, तरी ही तार चालते. आणीबाणीत एक लहान संगणक आणि एक तार एवढ्यावर यंत्राशी बोलता येते.

जुळणीची रीत

प्रथम निर्मात्याच्या पुस्तिकेतून तारेचा प्रकार पाहावा. संगणकाच्या नऊ टाचण्यांच्या तोंडात दुसरी टाचणी ऐकण्याची, तिसरी बोलण्याची आणि पाचवी दोघांच्या समान आधाराची असते. काही यंत्रांना सरळ तार चालते, तर काहींना दुसरी व तिसरी टाचणी उलटसुलट जोडलेली तार लागते. नव्या संगणकांना बहुधा हे तोंड नसते. त्यासाठी यूएसबीला लावण्याचा जोड मिळतो. परिवर्तकाच्या आतील पट्टीवर असणाऱ्या ३.३ वा ५ व्होल्टच्या टाचण्यांना मात्र ही तार थेट लावू नये. आरएस-२३२ चा विद्युतदाब १५ व्होल्टपर्यंत असू शकतो. त्याने आतील भाग जळण्याची शक्यता असते.

त्यानंतर संगणकावर ‘पुटी’ किंवा ‘मिनिकॉम’ यांसारखा टर्मिनल कार्यक्रम उघडावा. त्यात वेग, प्रत्येक अक्षराची बिटे, तपासणीचे बिट आणि शेवटचे बिट या चार गोष्टी यंत्राशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. पुष्कळ यंत्रांत वेग ९,६००, बिटे ८, तपासणी नाही आणि शेवटचे बिट १ अशी मांडणी आढळते. तथापि पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा.

आता एन्टरची कळ दाबली असता यंत्राने एखादे चिन्ह दाखवून आपण तयार असल्याचे कळवावयास हवे. पडद्यावर अर्थहीन अक्षरे उमटली, तर बहुधा वेग जुळलेला नसतो. काहीच उमटले नाही, तर बोलण्याची व ऐकण्याची तार उलटी लागली असण्याचा संभव असतो, किंवा प्रवाहनियंत्रणाची सोय नको असताना चालू राहिलेली असते. प्रत्येक अक्षर दोनदा उमटल्यास संगणक आणि यंत्र दोघेही तेच अक्षर दाखवीत आहेत, असे समजावे. या दोषांपैकी एकासाठीही यंत्र उघडण्याची गरज नसते.

यंत्राशी बोलणे जुळल्यावर आज्ञा एकेका ओळीत टंकित करावयाच्या असतात. या पद्धतीस ‘कमांड लाइन’ म्हणतात. आज्ञांचे शब्द प्रत्येक निर्मात्याचे निराळे असतात, परंतु क्रम सर्वत्र सारखाच ठेवावा. पहिली आज्ञा नेहमी विचारण्याची असावी, बदलण्याची नसावी. सध्याची स्थिती काय आहे हे यंत्रास विचारून, आलेले उत्तर जसेच्या तसे नोंदवहीत उतरवून घ्यावे. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर यंत्रास पुन्हा विचारून खात्री करून घ्यावी.

तीन ठिकाणी विशेष काळजी

पहिले ठिकाण नमुनादराचे. दोन्ही टोकांच्या परिवर्तकांचा दर एकच असावा. तो भिन्न असल्यास काही यंत्रे आवाजच बंद करतात. ४४,१०० दराने नोंदलेला आवाज चुकून ४८,००० दराने वाजविला गेला, तर दहा मिनिटांचे निवेदन सुमारे ९ मिनिटे ११ सेकंदांतच संपते आणि बोलणाऱ्याचा स्वर चढा व घाईचा होतो. धोक्याच्या सूचनेत अशी घाई घबराटीस कारण ठरू शकते.

दुसरे ठिकाण कालमापनाचे. सर्व परिवर्तकांनी एकाच घड्याळाचा ठोका पाळावयाचा असतो. एका यंत्रास मुख्य नेमावे व इतरांना त्याच्यामागे चालण्याची आज्ञा द्यावी. दोन यंत्रे स्वतःचेच घड्याळ खरे मानू लागली, तर आवाजात अधूनमधून टिकटिक ऐकू येते आणि नेमके महत्त्वाचे अक्षर गाळले जाते. भजनी मंडळात टाळकरी अनेक असले, तरी ठेका एकाचाच असतो, तसाच हा प्रकार आहे.

तिसरे ठिकाण आवाजाच्या पातळीचे. आकड्यांच्या मोजमापात सर्वांत मोठा आवाज शून्य डेसिबल मानतात आणि त्याखालील सर्व पातळ्या उणे असतात. शून्याच्या वर जागाच नसते. तेथे लहरीचे माथे छाटले जातात आणि शब्द फाटतात. म्हणून प्रक्षेपणात नेहमीची पातळी उणे १८ किंवा उणे २० डेसिबलच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. घाबरलेला माणूस मोठ्याने ओरडतो. ती वाढ सामावून घेण्यासाठी ही जागा मोकळी ठेवलेली असते.

सर्व बदल झाल्यावर शेवटची आज्ञा ते कायम स्मृतीत साठविण्याची असते. ही एक आज्ञा विसरली गेल्यास त्या दिवशी सर्व काही उत्तम चालते. पुढे वीज जाऊन परत आली की अनेक यंत्रे जुन्याच मांडणीवर येतात आणि कर्णा मुका राहतो. आणीबाणीत वीज जाण्याचाच संभव अधिक असतो. यास्तव जुळणी संपल्यावर यंत्राची वीज बंद करून पुन्हा चालू करावी, स्थिती विचारावी आणि दूरच्या कर्ण्याखाली एका माणसास उभे करून प्रत्यक्ष ऐकावे. पडद्यावर सर्व ठीक असल्याचे उत्तर आले, एवढ्यावर समाधान मानू नये.

अंतर आणि राखण

आरएस-२३२ ची तार साधारणपणे १५ मीटरपर्यंत विश्वासाने वापरावी. त्याहून दूर जावयाचे झाल्यास ‘आरएस-४८५’ या १९८३ च्या मानकाची जोडणी उपयोगी पडते. योग्य तारेवर आणि कमी वेगाने ती सुमारे १,२०० मीटरपर्यंत काम देते. कारखान्याच्या आवारात कर्ण्यातून सतत गुणगुण ऐकू येत असेल, तर ती बहुधा ५० कंपनांच्या विजेची असते. ती आज्ञा देऊन जात नाही. त्यासाठी भूजोडणी तपासावी लागते.

या तोंडावर पुष्कळदा परवलीचा शब्दही नसतो. जो तार लावील त्याची आज्ञा यंत्र पाळते. म्हणून कपाटास कुलूप असावे आणि बदल कोणी, कधी व काय केला, याची स्वाक्षरीनिशी नोंद असावी.

स्थानिक हातांची गरज

ध्वनियंत्रणा बसवून देणारा तंत्रज्ञ शहरातून येतो आणि काम संपवून परत जातो. यंत्रणेची गरज भासेल त्या रात्री तो हजर असेलच असे नाही. वर सांगितलेल्या कामास मोठ्या पदवीची आवश्यकता नाही. काळजीपूर्वक वाचन, स्वच्छ टंकलेखन व नोंद ठेवण्याची सवय एवढे पुरते. गोविंदपुऱ्यात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे आणि महाराष्ट्रातही तालुक्याच्या ठिकाणी अशा संस्था आहेत. तेथून शिकून आलेले तरुण, गावातील शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी हे काम सहज आत्मसात करू शकतील.

प्रत्येक ध्वनियंत्रणेजवळ योग्य तार, अद्ययावत मांडणीचा एक छापील कागद आणि ती वाचू शकणाऱ्या किमान दोन व्यक्तींची नावे एवढे साहित्य नेहमी तयार असावे. रंगीत तालमीच्या दिवशी भोंग्याबरोबर हे साहित्यही तपासले जावे. इशारा देणारा माणूस जागा असूनही त्याचा आवाज तारेतच अडकून राहावा, अशी वेळ कोणत्याही वस्तीवर येता कामा नये. आणि ती टाळणे पुष्कळ अंशी त्या वस्तीच्याच हाती आहे.