मोजलेली शेतं, न मोजलेली कुरणं
इथिओपियातील जमीनहक्काचे दोन अध्याय

1965 साली राजधानी अदिस अबाबाच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांनी मागणी केली होती : कसेल त्याची जमीन. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात, विशेषतः दक्षिणेत, कुळं पिकाचा मोठा वाटा जमीनदाराच्या घरी पोचवत. 1974 मध्ये सम्राटांची सत्ता गेली आणि मार्च 1975 मध्ये ‘दर्ग’ या लष्करी राजवटीने सगळी ग्रामीण जमीन सरकारजमा केली. कुटुंबामागे कमाल मर्यादा 10 हेक्टर ठरली. जमीनदारी संपली, पण मालकी कसणाऱ्याला मिळाली नाही. 1995 च्या राज्यघटनेनेही कलम 40 मध्ये हेच कायम ठेवलं. जमीन राज्याची आणि जनतेची, तिची खरेदी-विक्री नाही. शेतकऱ्याकडे फक्त वहिवाट.

या चौकटीत राहूनही शेतकऱ्याला आधार देता येतो, हे डोंगराळ भागाने दाखवलं. जमिनीचं पुन्हा पुन्हा फेरवाटप होत असे. आज बांध घातला तर उद्या ते शेत आपल्याकडे राहील का, ही धास्ती होती. 1998 पासून तिग्राय प्रांतात आणि पुढे अम्हारा, ओरोमिया व दक्षिणेत जमिनीची नोंदणी सुरू झाली. गावाने निवडलेली समिती शेतात जाई, दोरीने माप घेई आणि शेजाऱ्यांच्या साक्षीने हद्द लिहून ठेवी. खर्च तुकड्यामागे साधारण एक डॉलर. काही वर्षांतच सुमारे 60 लाख कुटुंबांचे 2 कोटी तुकडे कागदावर आले. अम्हारात तर वहिवाटीच्या नोंदीच्या पुस्तिकेवर नवरा-बायको दोघांची नावं आणि फोटो लागले. पुढच्या अभ्यासांत दिसलं की बांधबंदिस्ती वाढली आणि एकट्या बाया जमीन खंडाने द्यायला कचरेनाशा झाल्या.

सखल पश्चिमेकडच्या गांबेल्लात मात्र वेगळंच घडलं. इथले अनुआक लोक बारो नदीच्या काठाने फिरती शेती करतात, नुएर गुरं राखतात. पडीक ठेवलेलं रान, कुरण, नदीकाठ यांवरच त्यांचं जगणं चालतं. पण यांतलं काहीच कुणा एकाच्या नावावर नव्हतं. त्यामुळे सरकारला ही जमीन मोकळी दिसली. 5,000 हेक्टरांहून मोठे शेतीचे भाडेपट्टे देण्याचा अधिकार केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या हाती गेला आणि 2010 मध्ये बंगळुरूच्या करुतुरी या गुलाबाच्या फुलांच्या कंपनीला 1 लाख हेक्टरांचा करार मिळाला. भाडं वर्षाला हेक्टरी 20 बिर (इथिओपियाचं चलन), म्हणजे नाममात्र. त्याच सुमारास सरकारने विखुरलेल्या वस्त्या नव्या गावांत हलवायला घेतल्या. हे स्थलांतर स्वेच्छेचं आहे, असं सरकार म्हणे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 2012 च्या अहवालात सक्ती आणि मारहाणीच्या तक्रारी नोंदवल्या.

2011 च्या पुरात बारोच्या पाण्याने कंपनीचा मका बुडवला. त्या नदीचा स्वभाव काठावरच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, पण करार करताना त्यांना कुणी विचारलं नाही. जमिनीचा फार थोडा भाग लागवडीखाली आला आणि 2015 अखेर सरकारने करार रद्द केला. लोकांची वहिवाट मोडली आणि देशाच्या हाती धान्यही लागलं नाही.

राजधानीभोवतीच्या ओरोमियात जमीन जाण्याचा हाच प्रश्न रस्त्यावर आला. अदिस अबाबाच्या विस्तार आराखड्यात आपली शेतं जातील, या भीतीने 2014 पासून आंदोलनं पेटली. शंभराहून अधिक माणसं मारली गेली, तेव्हा कुठे जानेवारी 2016 मध्ये आराखडा मागे घेतला गेला.

मला यातली सर्वांत वेदनादायी गोष्ट ही वाटते की, त्याच कलम 40 ने पशुपालकांना चराईचा आणि आपल्या भूमीवरून विस्थापित न होण्याचा हक्क दिला आहे. हक्क घटनेत होता, पण तो बजावणारी यंत्रणा गावात नव्हती. अम्हारातल्या शेतकऱ्यामागे समिती, साक्षीदार आणि नोंदवही उभी राहिली. अनुआकांच्या रानामागे आणि नुएरांच्या कुरणामागे कुणीच नव्हतं. म्हणून शाश्वत विकासाची सुरुवात सामाईक जमिनीच्या नोंदीपासून व्हायला हवी. कुरणं आणि नदीकाठ आधी गावाच्या नावे लागावेत, मग गावाची संमती घ्यावी आणि त्यानंतरच पट्ट्याची बोलणी व्हावीत. गावाला नकार देता येत नसेल, तर त्याच्याकडे जमिनीचा हक्क आहे असं म्हणता येणार नाही. परदेशात शेती करायला निघालेल्या भारतीय कंपन्यांनाही आपण याच कसोटीवर तपासलं पाहिजे.